अनुभव धागा: फिजिओथेरपीने तुमचा कोणता सांधा सोडवला?

सांजवारा
खोलीला रंग द्यायचा म्हणून कपाट सरकवले, तर मागच्या भिंतीवर पेन्सिलच्या जुन्या खुणा निघाल्या. चार वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता, तेव्हाच्या त्या खुणा. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे मुंगीसारखी वर चढवायची आणि हात अडेल तिथे रेघ मारायची, असे फिजिओ मॅडमनी सांगितले होते. खालच्या पंधरा-सोळा रेघा जवळजवळ एकावर एक पडल्या आहेत, म्हणजे दोन आठवडे हात तसूभरही वर गेला नव्हता. यंत्राचा शेक हाच खरा उपचार आणि व्यायाम म्हणजे वरची पुरवणी, असे तेव्हा मला वाटत असे. शेकाने दुखणे तासाभरापुरते दबायचे. पण खांद्याभोवतीचे जे आवरण जाड होऊन आवळले होते, ते सैल होत गेले या कंटाळवाण्या मुंगीचालीनेच. आधी दुखणे, मग आखडणे, मग सुटणे असे या आजाराचे तीन टप्पे असतात आणि सगळे मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात, हे पहिल्याच दिवशी कळले असते तर मी एवढी चिडचिड केली नसती. तुमचेही अनुभव लिहा.

पारिजात
माझे दोन्ही खांदे गेले होते, एक बरा होतो तोच दुसरा. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, हे मला दुसऱ्या खांद्याच्या वेळी समजले. वेणी घालता येत नव्हती, त्यापेक्षा रात्रीची झोप गेल्याचे दुःख मोठे होते. तुम्ही कसे झोपत होता?

सांजवारा
पारिजात, बऱ्या कुशीवर, आणि दुखरा हात छातीपुढे ठेवलेल्या उशीवर टेकवून.

अर्धविराम
माझा घोटा बाहेरच्या अंगाने मुरगळला होता. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, हे चार शब्दांचे सूत्र मी तीन आठवडे निष्ठेने पाळले. पुढे वाचनात आले की १९७८ साली ते सूत्र मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच नंतर बर्फ आणि पूर्ण विश्रांतीविषयीचे आपले मत बदलले होते. माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. दुखणे थांबताच मी तोल सावरण्याचे व्यायाम सोडून दिले आणि दोन महिन्यांत तोच घोटा पुन्हा मुरगळला. लिगामेंट ताणले की पायाची तोल ओळखण्याची जाणीवही बोथट होते, ती पुन्हा शिकवावी लागते. तेव्हापासून मी एका पायावर उभा राहूनच दात घासतो.

गुडघेमोडे
आमच्याकडे त्याला बगळासन म्हणतात.

माझी गोष्ट गुडघ्याच्या सांधेबदलाची आहे. पहिल्या ठिकाणी दहा दिवस मला यंत्र लावून नुसते झोपवून ठेवले आणि लावणारा मनुष्य दुसऱ्या खोलीत मोबाइल बघत बसे. दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओने आधी कोनमापक काढून गुडघा मोजला, तो ६२ अंशांवर अडला होता. खुर्चीतून सहज उठायचे तर गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या स्नायूने दाबणे, पाय ताठ उचलणे आणि टाच पलंगावरून मागे ओढणे, असा दिवसातून तीन वेळचा क्रम सुरू झाला. ९० चा आकडा दिसला त्या दिवशी मी कोनमापकाचाच फोटो काढला.

मधली_सुट्टी
मी स्वतः फिजिओ आहे, म्हणून एवढेच लिहिते. व्यायामाने थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले, तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. सूज वाढली किंवा रात्रभर ठणकत राहिले, तर मात्र प्रमाण कमी करून आपल्या फिजिओला सांगावे. मुंग्या, बधिरपणा किंवा हातापायातली ताकद जाणे यांसाठी थेट डॉक्टर गाठावेत.

नवखा
उद्या माझी पहिलीच वेळ आहे, डावा खांदा आहे. कपडे कोणते घालून जाऊ?

पारिजात
नवखा, पुढून बटणे असलेला सैल सदरा घाला. घालताना दुखरा हात आधी बाहीत जातो आणि काढताना तोच शेवटी बाहेर येतो.