हरिहरचा तो फोटो आणि आपली गणेशोत्सव छायाचित्र स्पर्धा

सचिव, सांस्कृतिक समिती: सोसायटीच्या गटावरील सर्व सभासदांना नमस्कार. गणेशोत्सवातील 'प्रवासातील अविस्मरणीय क्षण' या छायाचित्र स्पर्धेसाठी प्रवेशिका येऊ लागल्या आहेत. त्यांपैकी नाशिकजवळच्या हरिहर गडावरच्या एका छायाचित्रावर कालपासून पसंतीच्या अंगठ्यांचा पाऊस पडत असला, तरी दोन पालकांनी माझ्याकडे आक्षेप नोंदवला आहे. छायाचित्रात आपल्याच सोसायटीतील एक तरुण महादरवाजाखालच्या कातळपायऱ्यांवर दरीकडे तोंड करून, दोन्ही हात सोडून उभा आहे. अशी प्रवेशिका स्वीकारावी की नाही, यावर सभासदांनी आपली मते इथेच मांडावीत. मला स्वतंत्र फोन करू नयेत. शुभ सकाळचे संदेश आजच्या दिवस थांबवल्यास चर्चा वाचता येईल.

बी-२०१: काका, फोटो माझा असल्यामुळे आधी मीच लिहितो. त्या दिवशी पायऱ्या कोरड्या होत्या, मी अनेक वर्षे नियमित ट्रेक करतो आणि मला उंचीची भीती वाटत नाही. ज्यांना हा फोटो बेजबाबदार वाटतो, त्यांतले कितीतरी जण कॉलेज रोडवर हेल्मेटशिवाय फिरताना मी रोज पाहतो. गाडीतळावर उभे राहून गडाचा फोटो काढणाऱ्याला गडाचा फोटो मिळतो, पण गडावर असण्याचा अनुभव त्यात उतरत नाही, आणि स्पर्धेचा विषय तर 'अविस्मरणीय क्षण' असा आहे. जिवाचा थोडाही धोका न पत्करता फिरायचे ठरवले, तर माणसाने हरिहरच काय, पांडवलेणीच्या पायऱ्याही चढू नयेत.

सी-१०४: मी रुग्णालयात काम करते म्हणून सगळ्यांना भीती दाखवत फिरते, असे माझ्या घरचेच म्हणतात, तरीही लिहिते. दिल्लीच्या एम्सशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये सेल्फी काढताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या तपासून त्यांनी १३७ घटनांमधील २५९ मृत्यूंची नोंद केली आणि त्यांत सर्वाधिक मृत्यू भारतातले होते. कारणांमध्ये बुडणे पहिले, त्यानंतर वाहने आणि रेल्वे, आणि मग उंचावरून पडणे. मृतांचे सरासरी वय तेवीसच्या आसपास होते आणि बहुसंख्य पुरुष होते. हा हिशेब केवळ बातम्यांवरून मांडलेला असल्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. बी-२०१, तुझ्या सरावाबद्दल मला शंका नाही; पण या यादीतल्या बहुतेकांना आपल्याला काही होणार नाही अशीच खात्री असणार.

ए-४०३: मी हरिहरला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे शनिवार-रविवारीही चिटपाखरू नसे, त्यामुळे आजच्या गर्दीबद्दल बोलताना माझ्या बोलण्यात म्हातारपणाची कुरकूर डोकावेल, ती सांभाळून घ्यावी. धोका अजिबात नको, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. ज्याने कधी घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावरून, पाय सरकल्याचा अनुभव घेतला नाही, त्याला सह्याद्री कळला असे मी मानत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. बी-२०१, तू तुझ्या जिवाबद्दल लिहिलेस, पण तुझ्या खाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल एक अक्षरही लिहिले नाहीस.

ज्यांनी हा गड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निरगुडपाड्याकडून चढून आल्यावर समोर जो उभा कातळ येतो, त्यात कोरलेल्या पायऱ्या इतक्या अरुंद आहेत की दोघांना एकमेकांना ओलांडायचे झाल्यास एकाला कडेला अंग चोरावे लागते, आणि वर जाणारे व खाली येणारे याच एका वाटेवर समोरासमोर येतात. पायरीच्या दोन्ही बाजूंना हाताच्या बोटांसाठी खोबण्या आहेत. पावसाळ्यात त्या खोबण्यांत चिखलपाणी साचते, शेकडो बोटांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, आणि पायरीवर बुटांनी आणलेल्या लाल मातीचा थर बसतो. उतरताना तोंड कातळाकडे करून उतरावे लागत असल्यामुळे आपल्या पायाखाली नेमके कोण आहे, हे उतरणाऱ्याला दिसत नाही. अशा जागी मधला एक जण फोटोसाठी थांबला की त्याच्या खालची सगळी रांग जिथल्या तिथे अडकते. त्या रांगेत कोणाची दहा वर्षांची मुलगी असते, कोणाला चक्कर येत असते, कोणाच्या पाठीवरची सॅक कातळाला घासून तोल जात असतो. वरचा माणूस हातभर जरी घसरला, तरी तो एकटा खाली येत नाही.

दुगारवाडी धबधब्याचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे अचानक पाणी वाढल्याने ओढ्यापलीकडे अडकलेल्या पर्यटकांना बचाव पथकांनी आणि गावकऱ्यांनी अंधारात, पावसात बाहेर काढले, आणि एक जण वाहून गेला. धबधब्यापाशी पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात तो कोसळत असतो, आणि ओढा भरायला फार वेळ लागत नाही. तिथे गेलेले सगळेच फोटोसाठी गेले होते असे मी म्हणत नाही. पण एकाच्या हौसेपायी किती अनोळखी माणसांना दोर घेऊन पाण्यात उतरावे लागते, एवढे तरी त्यातून दिसते.

सी-३०१: ए-४०३ काकांशी मी पूर्ण सहमत आहे. २०१५ च्या सिंहस्थात आपल्या नाशिकमध्ये काही जागी सेल्फी काढण्यास मनाई केली होती, ती नेमकी याच कारणासाठी. एक जण थांबला की मागची गर्दी तुंबते आणि चेंगराचेंगरीची भीती निर्माण होते. पुढच्या वर्षी पुन्हा तीच गर्दी रामकुंडावर येणार आहे की त्याच्या पुढच्या वर्षी, हे मात्र मला दरवेळी विसरायला होते.

बी-२०१: काकांचा रांगेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. गर्दी नसलेल्या दिवशी गेले म्हणजे तो मुद्दा संपतो. शिवाय धोका पत्करणाऱ्यांमुळेच जगाला काही गोष्टी पाहायला मिळाल्या आहेत. मोरीस आणि कात्या क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य आयुष्यभर पेटत्या ज्वालामुखींच्या काठावर उभे राहून चित्रण करत होते. ज्वालामुखीचे धोके समजावून सांगणारी त्यांची चित्रफीत १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वी फिलिपिन्समध्ये दाखवली गेली आणि लोकांना स्थलांतराची गरज पटवून देण्यास तिचा उपयोग झाला. त्याच वर्षी जूनमध्ये जपानच्या उनझेन या ज्वालामुखी पर्वतावर ते दोघे मरण पावले. त्यांनाही आपण बेजबाबदारच म्हणणार का?

ए-४०३: उदाहरण चांगले निवडलेस. क्राफ्ट दांपत्याला धोका कशासाठी पत्करायचा हे ठाऊक होते आणि त्यांच्या चित्रणातून इतरांचे जीव वाचले, म्हणून त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण उनझेनची गोष्ट तिथेच संपत नाही. ३ जून १९९१ रोजी तिथे ४३ माणसे गेली, आणि त्यांत उद्रेकाचे चित्रण करायला आलेल्या पत्रकारांबरोबरच त्यांना घेऊन आलेले टॅक्सीचालक आणि गावचे स्वयंसेवक अग्निशामकही होते. त्या टॅक्सीचालकांना कोणतेही छायाचित्र नको होते.

बी-६०२: लग्नाच्या फोटोग्राफीवर माझे घर चालते, त्यामुळे मी केवळ धंद्याच्या बाजूने बोलतो. हरिहरचा जो फोटो सर्वत्र फिरतो, ज्यात मुंग्यांच्या रांगेसारखी माणसे उभ्या कातळावर दिसतात, तो पायऱ्यांवर उभे राहून काढताच येत नाही. तो समोरच्या मोकळ्या जागेतून, पायऱ्या सुरू होण्याआधी काढावा लागतो. पायरीवर उभे राहून काढलेल्या फोटोत उतार दिसत नाही, फक्त माणूस आणि धुके दिसते. बी-२०१, रागावू नकोस, पण तुझ्या फोटोतही तेच झाले आहे. दरी किती खोल आहे हे ठाऊक असलेल्यालाच तो थरारक वाटतो.

मोबाइलच्या 'पॉइंट फाइव्ह', म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समुळे आणखी घोटाळा होतो. ती लेन्स दूरचे सगळे लहान करते, त्यामुळे मागचा डोंगर बुटका दिसतो आणि दरी उथळ वाटते. मग मनासारखे येत नाही म्हणून माणूस आणखी एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल कडेकडे सरकतो, आणि त्याची नजर मात्र पायाखाली नसून पडद्यावर असते. याउलट, ज्याचा फोटो काढायचा आहे त्याला कड्यापासून आठ-दहा फूट आत उभे करावे, आपण लांब जाऊन जमिनीलगत बसावे आणि दोन-तीन पट झूम लावावा. कॅमेरा खाली असल्यामुळे पाय आणि कडा यांच्यामधली जमीन झाकली जाते, झूममुळे मागचा सुळका अंगावर आल्यासारखा मोठा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटते की हा अगदी टोकावर उभा आहे. ब्राझीलमध्ये रिओजवळ पेद्रा दो तेलेग्राफो नावाचा एक खडक आहे. त्याला हातांनी लोंबकळणाऱ्या माणसांचे फोटो पाहून छातीत धस्स होते, पण त्यांच्या पायांखाली काही फुटांवरच जमीन असते, आणि फोटो काढणारा ती चौकटीबाहेर ठेवतो.

आणि आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळताना त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोप वाढत असताना दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण केले. घरात बसून केलेले ते काम कोणत्याही कड्यावरच्या सेल्फीपेक्षा अवघड होते, असे माझे व्यावसायिक मत आहे.

बी-२०१: झूमची युक्ती मी करून पाहीन. मात्र माझा फोटो मी स्वतःहून मागे घेणार नाही. समितीला तो नाकारायचा असेल तर तिने तसे लिहून कळवावे.

सी-१०४: मागे घेऊ नकोस, पण तुझ्या आईने हा फोटो अजून पाहिलेला नाही, एवढे लक्षात ठेव.

सचिव, सांस्कृतिक समिती: चर्चेबद्दल सर्वांचे आभार. समितीच्या पाचही सदस्यांशी बोलून पुढील निर्णय घेतला आहे. कठड्यापलीकडे, वाहत्या प्रवाहात, रेल्वेमार्गावर किंवा इतरांची वाट अडवून काढलेले छायाचित्र, मग ते कितीही सुंदर असो, स्पर्धेत घेतले जाणार नाही. पावसाळ्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नुसार, म्हणजे पूर्वीच्या १४४ नुसार, ज्या स्थळांवर मनाई आदेश लागू असतो, तिथे त्या काळात काढलेली छायाचित्रेही स्वीकारली जाणार नाहीत. त्यानुसार बी-२०१ यांची प्रवेशिका नाकारण्यात येत असून त्यांना दुसरे छायाचित्र देण्याची मुभा आहे. बी-६०२ यांनी परीक्षक होण्याचे मान्य केले आहे. छायाचित्रे गटावर न टाकता मला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत, कारण नेहमीसारखी पाठवल्यास त्यांचा दर्जा घसरतो आणि मोठी प्रत छापता येत नाही.

सी-३०१: सप्तशृंग गडावर जाताना फ्युनिक्युलर ट्रॉलीतून काढलेला माझा फोटो चालेल का? काचेत माझे आणि शेजारच्या आजींचे प्रतिबिंब आले आहे, पण डोंगर छान दिसतो.

सचिव, सांस्कृतिक समिती: चालेल. आजींची परवानगी घेतली असेल असे गृहीत धरतो.