पाट येण्याआधीचं गाव : जुने अभ्यास, प्रबंध कुठे शोधायचे? (श्रीरामपूर-कोपरगाव परिसर)

पाटावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी श्रीरामपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ग्रामपंचायतीने मनावर घेतलं आणि काम अर्थातच मास्तरांच्या गळ्यात पडलं. देऊळ, यात्रा, स्वातंत्र्यसैनिक एवढं गोळा झालंय. मला हवंय ते वेगळं आहे. पाट यायच्या आधी या शिवारात काय पिकायचं? ऊस पहिल्यांदा कोणी लावला? बाहेरून कोण आलं, जमिनी कुणाकडून कुणाकडे गेल्या? म्हातारे सांगतात भरभरून, पण प्रत्येकाचं साल निराळं.

प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गावाचं नाव मराठीत टाकून पाहिलं, इंग्रजीत टाकून पाहिलं. काही नाही. 'प्रवरा' टाकलं तर लोणीच्या वैद्यकीय विद्यापीठातले फिजिओथेरपी आणि नर्सिंगचे प्रबंध धो धो आले. गुडघेदुखीवर पुस्तिका काढायची असती तर सोय झाली असती. आमच्यासारख्या गावावर कुणी कधी अभ्यास केलाच नसेल का?

फडताळ

केलाय मास्तर, भरपूर केलाय. फक्त तुमच्या गावाचं नाव मुखपृष्ठावर नाही.

माझी सगळी नोकरी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली, त्यातली बरीच वर्षं प्रबंध विभाग माझ्याकडे होता. गावाचा इतिहास लिहायला येणारी माणसं थेट इतिहासाच्या कपाटापुढे जाऊन उभी राहायची आणि हात हलवत परत जायची. अर्थशास्त्र, शेतकी, समाजशास्त्र, भूगोल यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. संशोधक तुमच्या गावासाठी आलेलाच नसतो हो. तो कालव्याचा हिशोब करायला येतो, नाहीतर कारखान्याचं राजकारण बघायला, नाहीतर जमिनीतले क्षार मोजायला. आणि जाता जाता तुमच्या शिवाराची दोन-चार कोष्टकं भरून जातो. ती कोष्टकं तुम्हाला हवी आहेत.

तुमच्यासाठी पहिलं पुस्तक डोळे मिटून सांगते. धनंजयराव गाडगीळ, 'इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन', पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, १९४८. पाहणी कुठल्या कालव्यांची? गोदावरी आणि प्रवरा! सरकार कालवा बांधतं आणि पाणीपट्टी किती जमली त्यावरून तो फायद्याचा की तोट्याचा ठरवतं. गाडगीळांचं म्हणणं, हा हिशोब अपुरा आहे. मजुराला काम मिळालं, व्यापाऱ्याला माल मिळाला, रेल्वेला भाडं मिळालं, ते कुठे धरलंत? म्हणून त्यांनी पाटाखालचा भाग आणि कोरडवाहू भाग शेजारी शेजारी ठेवून तपासला. तुमचा 'पाट यायच्या आधी काय होतं' हा प्रश्न त्या कोरडवाहू बाजूच्या आकड्यांत आहे. तीच माती, तोच पाऊस, फक्त पाणी नाही. पुढे हेच गाडगीळ विठ्ठलराव विख्यांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, १९५०-५१ चा पहिला हंगाम त्यांच्याच काळातला. ज्या मुलखाची पाहणी केली तिथेच पदर खोचून उभा राहिलेला अर्थशास्त्रज्ञ मला दुसरा आठवत नाही.

संस्थेची जुनी प्रकाशनं स्कॅन करून तिच्या डिजिटल संग्रहात ठेवलेली आहेत, घरबसल्या उघडतात. तिथे गेलात की यादी जरा चाळा, गंमत येईल. १९३३ सालचा पुण्यातल्या फळबाजाराचा अभ्यास आहे. १९३५ सालचा मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांमधल्या मोटार-बस वाहतुकीचा आहे, म्हणजे एसटी जन्माला यायच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी कशा चालत ते सगळं. वाई तालुक्यातल्या शेतीचा आहे, पुणे शहराचा तर दोन भागांत आहे. अर्थशास्त्र म्हणजे नुसती आकडेमोड असं ज्यांना वाटतं त्यांनी तो फळबाजार वाचावा.

दुसरं, बी. एस. बाविस्कर. समाजशास्त्रज्ञ, दिल्ली विद्यापीठातले. त्यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्यावर काम केलं, पुस्तक १९८० चं. कारखान्याच्या निवडणुका, गट, कोण कुणाच्या बाजूने आणि का. तुमच्या ग्रामपंचायतीला ते प्रकरण पुस्तिकेत नको असेल कदाचित, पण तुम्ही वाचाच.

तिसरं ठिकाण कुणाला सुचत नाही. कृषिकोश. कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे आहेत, आणि राहुरीचं विद्यापीठ तर तुमच्या शेजारचं. 'उसाच्या अमुक वाणावर नत्राच्या मात्रेचा परिणाम' असलं नाव बघून नाक मुरडू नका. एम.एस्सी.च्या पोराला सुरुवातीच्या एका प्रकरणात त्या जागेची माती, पाऊस, पाण्याची प्रत लिहावीच लागते. क्षारपड आणि चोपण (क्षार साचून नापीक झालेल्या) जमिनींवरचे प्रबंध मुद्दाम बघा, कारण ऊस आला ही अर्धी गोष्ट झाली. पाटाच्या पाण्याने जमिनी खारवल्या ही उरलेली अर्धी, आणि ती पुस्तिकांमधून नेहमी गळते. नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच लिहून ठेवलंय.

हे मानसाहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. १९१७ साली त्यांनी एका दख्खनी खेड्याचा अभ्यास छापला. खेडं कुठलं, तर पिंपळे सौदागर. हो, तेच, आज जिथे आयटीवाल्यांच्या उंच सोसायट्या आहेत. मान दाखवतात की तिथे १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ ला साडेसतरा, आणि १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. पुस्तिकेचा आराखडा कसा असावा हे बघायचं असेल तर ते पुस्तक समोर ठेवा. जमीन, पाणी, पिकं, कर्ज, घरोघरचा जमाखर्च. यात्रा नाही.

आता शोधायची रीत. 'अहिल्यानगर' टाकू नका, जुन्या कागदांत 'अहमदनगर'च आहे. राहाता तालुका शोधू नका, तो अलीकडे झाला, आधीची गावं कोपरगाव आणि श्रीरामपुरात मिळतील. श्रीरामपूरही फार जुन्यात नसेल, 'बेलापूर' टाका. रोमन स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी करून बघा. नेवाशात कुठे 'व्ही' आहे, कुठे 'डब्ल्यू'. कोपरगावात कुणी 'पी'नंतर 'ई' घालतो, कुणी 'ए'. आणि गाव सोडून पाट, पीक, जात, धंदा यांनी शोधा.

शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध अखंड नसतो, प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. लोक पहिलं प्रकरण उघडतात, तिथे 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' वाचतात आणि बंद करतात. शेवटून सुरुवात करा. परिशिष्टात प्रश्नावली असते, गावांची यादी असते, कधीकधी मुलाखती जशाच्या तशा असतात. आणि एक लक्षात ठेवा, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने २००९ च्या नियमांनी घालून दिलं. त्याआधीचे प्रबंध विद्यापीठाने स्कॅन केले असतील तरच तिथे दिसणार. १९७०-८० चं काही हवं असेल तर पुण्याला जाऊन ग्रंथालयातच बसावं लागेल. डबा घेऊन जा.

फॉन्टफोड

ताईंच्या यादीत एक भर. मराठीतून लिहिलेले बरेच जुने प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप केलेले आहेत. पीडीएफमध्ये डोळ्यांना 'पाटपाणी' दिसतं, पण आतला मजकूर संगणकाला रोमन अक्षरांची खिचडी म्हणून दिसतो. त्यामुळे देवनागरीत शोधून ते हाती लागत नाहीत. अशा वेळी शीर्षकातले शब्द रोमन लिपीत टाकायचे किंवा विद्यापीठ, मग विभाग असं उतरत उतरत यादी वाचायची. कंटाळवाणं आहे, पण विभागाची यादी वाचताना न मागितलेलंच जास्त मिळतं.

खापरी

'पाट यायच्या आधी काय पिकायचं' याला किती मागे जायची तयारी आहे सर? :)

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे म्हणून राहवत नाही. प्रवराकाठ हा आमच्याकडे पाठ्यपुस्तकातला मुलूख. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव मिळालंय. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे १९५०-५१ ला उत्खनन केलं, नाशिक आणि जोर्वे असा एकत्र अहवाल १९५५ ला आला. मग नेवासं, १९५४-५६. आणि दायमाबाद तर तुमच्याच तालुक्यात! तिथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला खोदताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही मिळून ६० किलोंच्या वर. पुस्तिकेत हे नसेल तर शाळेतली मुलं तुम्हाला माफ करणार नाहीत.

पण मला आवडतो तो नेवाशाचा दोरा. तिथल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत ओवणीच्या दोऱ्याचे अवशेष उरले होते. ते तपासले ए. एन. गुलाटींनी. हे पुरातत्त्वज्ञ नव्हेत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेतले तंतूंचे जाणकार. त्यांना त्यात सूत आणि रेशीम दोन्ही दिसलं. डेक्कन कॉलेजने १९६१ साली तांत्रिक अहवालांचं पुस्तक छापलं, त्यात त्यांचं टिपण आहे. म्हणजे तुमच्या भागातल्या कापडाचा इतका जुना पुरावा शोधायला कापसाच्या तज्ज्ञाने लिहिलेलं टिपण उघडावं लागतं. ताई म्हणतात तेच.

आणि पाटाचंच म्हणाल तर शिरूर तालुक्यात इनामगावला जोर्वे काळातला दगडमातीचा बांध आणि पाण्याचा चर मिळालाय. तेव्हा आपल्याकडे पाट इंग्रजांनी आणला असं सरसकट लिहू नका सर, प्लीज.

आप्पा_सजा

एवढं इंग्रजी वाचायला मास्तरांना सुट्टी कोण देणार? जमिनी कशा फिरल्या ते तहसीलमध्ये आहे. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी काढा, नकलेचा अर्ज करा. पाट आल्यावर सासवडकडचे माळी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावायला तुमच्याकडे आले, हे आमच्या वडिलांकडून ऐकलेलं. खंड, गहाण, खरेदी सगळं फेरफारात तारीखवार मिळेल. म्हाताऱ्यांची सालं तिथे जुळवून घ्या.

फडताळ

आप्पा, बरोबर आहे, फेरफार हवेतच. पण माळी आले हे फेरफार सांगेल, ते का आले आणि त्यांना उसाचं तंत्र आधीच कसं ठाऊक होतं हे नाही सांगणार. त्यासाठी इंग्रजी वाचावं लागेल. मास्तरांना नसेल जमत तर गावातल्या कॉलेजच्या पोरांना एकेक प्रकरण वाटून द्या, मराठीत गोषवारा लिहून आणायला सांगा.

मोडीवेडा

पाटाच्याही आधीचं हवं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहेच, पण ते मोडीत. मोडी येत नसेल तर एक आडवाट सांगतो. हिरोशी फुकाझावा नावाचे जपानी इतिहासकार होते. त्यांनी मराठ्यांच्या काळातल्या गावगाड्यावर आयुष्य घालवलं. बलुतेदारांवरचा त्यांचा लेख १९७२ सालचा, तोक्योच्या हितोत्सुबाशी विद्यापीठाच्या नियतकालिकातला. त्या विद्यापीठाच्या संग्रहात तो फुकट वाचायला मिळतो. सुतार-लोहार हे अमुक घराचे गडी नसत, ते सगळ्या गावाचे असत, गावच त्यांना ठेवत असे, हा त्यांचा मुद्दा. आपल्या गावच्या सुताराची हकीकत जपानमधून डाउनलोड करायची, आहे की नाही?

पाटावरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. गाडगीळांचं पुस्तक मिळालं. दोन रात्री जागलो. आमचं गाव नाही त्यात, पण मजुरी, खत, उसाचा एकरी खर्च, सगळं आमच्याच तोंडचं वाटतंय. फेरफारांसाठी अर्ज टाकलाय. दायमाबादची सहल ठरली.

आणखी एक. हे सगळं गावात बोललो तर एका घरातून जुनी गुऱ्हाळाची वही निघाली. गुळाच्या ढेपा, गाडीभाडं, गुळव्याला दिलेले पैसे, बायकांची मजुरी. पानं कडेने कुरतडलीत आणि चुरा पडतोय. लॅमिनेट करून शाळेत ठेवावी म्हणतोय.

फडताळ

लॅमिनेट अजिबात नको! प्लास्टिक तापवून चिकटवलं की ते पान पुन्हा सुटत नाही, आतल्या आत पिवळं पडतं. सेलोटेपही नको. उन्हातही ठेवू नका. वही पूर्ण उघडत नसेल तर जबरदस्तीने सपाट करू नका, जेवढी उघडते तेवढ्यात दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून एकेका पानाचे फोटो काढा. मुखपृष्ठ, कोरी पानं, मागे केलेल्या बेरजा, सगळ्यांचे. मग स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी. आणि वही त्या घरातच राहू द्या, शाळेला फोटो पुरेत.

मजुरी आण्यांत लिहिली आहे का? पानावर साल असेल तर ती गाडगीळांच्या मजुरीच्या कोष्टकाशेजारी ठेवून बघा. बायकांची आणि गड्यांची वेगवेगळी मांडा. फोटो इथे टाका, मोडी अक्षर असेल तर मोडीवेडा आहेतच.