बंटीच्या आर-१५ चा हॉर्न: जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ बंटी: सगळ्यांना नमस्कार. गाडीबद्दल थोडं विचारायचं होतं. माझी यामाहा आर-१५ आहे, रोज चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन करतो. ऊस सीझन सुरू झालाय, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर गाणी फुल्ल आवाजात. त्यात पाकणीच्या पेट्रोल डेपोचे टँकर. कंपनीचा हॉर्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. परवा बाळे गावाच्या पुढं एकानं इंडिकेटर न देता ट्रॉली आत घेतली. मी शेजारीच होतो, हॉर्न दाबून धरलेला, तरी त्याला पत्ता नाही. मोठा हॉर्न बसवायचा ठरवलंय. चांगला वायरमन कुणाच्या माहितीत आहे का?

बी-४०४: बंटीदादा, सरळ प्रेशर हॉर्न लाव. ट्रकवाले बाजूलाच होतात.

ए-१०१ काकू: बंटी, जपून जात जा रे बाबा. पण मोठा हॉर्न नको. आमच्या सुनेचं बाळ तान्हं आहे आणि पार्किंग बरोबर आमच्या खिडकीखाली. रात्री गेटवर कुणी साधा हॉर्न दिला तरी ते दचकून उठतं, मग तासभर खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. तुझ्या जिवाची काळजी आहेच, पण आमचंही बघ.

सी-२०१ सर: काकूंशी सहमत. सात रस्त्याला पाच मिनिटं उभं राहून बघा, सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचे सगळे वाजवायला लागतात. काही वर्षांपूर्वी मुंबईत ट्रॅफिक पोलिसांनी काही सिग्नलला आवाज मोजायची यंत्रं जोडली होती. ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्याकडं तसं केलं तर सात रस्ता हलणारच नाही. प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा मोठा हॉर्न घेतला तर शेवटी कुणालाच कुणाचं ऐकू येणार नाही.

बी-३०२ बंटी: सर, सिग्नलला वाजवायला नकोच आहे मला. हायवेवर एखादा अंगावर येताना त्याला कळावं, एवढंच. काकू, बाळाचं माझ्या लक्षात आहे. गेटपाशी मी वाजवत नाही, वॉचमनमामांना हात करतो.

सेक्रेटरी: वायरमन शोधायच्या आधी कायदा बघून घ्या, म्हणजे पैसे वाया जायला नकोत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम हॉर्नचाच आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही. कर्कश किंवा घाबरवणारा आवाज काढणारं कुठलंही साधन चालत नाही. प्रेशर हॉर्न आणि सायरन ह्यातच येतात. सायरनची सूट अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन वगैरेंना. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला तर कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडलात तर २,००० रुपये दंड. आवाजाचं मानक मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९०(२) लागू शकतं. त्यात १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायचाच नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट ह्यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातही नाही. हे सगळ्यांना लागू आहे, स्कूटीवाल्यांनाही.

बी-४०४: मग प्रेशर हॉर्नचं राहू द्या.

ए-३०३ ताई: माझी नोकरी सिव्हिलमध्ये आहे. वॉर्डातल्या खिडक्या बंद केल्या तरी बाहेरचे हॉर्न आत येतात, पेशंट तळमळतात. शांतता क्षेत्राचा बोर्ड कुणी वाचत नाही. पण ट्रॉलीखाली आलेली तरुण मुलंही आमच्याकडंच येतात. त्यामुळं बंटीला नको म्हणायला माझी जीभ वळत नाही. काका कुठं आहेत? एस.टी. वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. त्यांनीच सांगावं.

सी-००३ काका: आलो. चार्जिंगला लावला होता फोन. बंटी, नीट वाच, घाई करू नको.

आधी आहे तोच हॉर्न बघ. पावसाळ्यात त्याच्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडतात त्या पिनांना, हिरवट गंज चढतो, मग व्होल्टेज कमी पोचतं आणि आवाज बसतो. पॉलिश पेपरनं घासून पुन्हा घट्ट बसव. बऱ्याच हॉर्नला मागं एक छोटा स्क्रू असतो. तो पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं करून बघायचा, जिथं आवाज मोकळा होतो तिथं सोडायचा. सील केलेला असला तर हात लावू नको. निम्म्या गाड्यांचं काम एवढ्यावरच होतं.

बी-३०२ बंटी: काका, टर्मिनल मागच्या महिन्यात साफ केलेत. आवाज स्वच्छ आहे, पण बारीक आहे. नेटवर ११८ डेसिबल लिहिलेले हॉर्न दिसतात, ते घ्यावेत का?

सी-००३ काका: खोक्यावरच्या आकड्याला भुलू नको. तो जवळून मोजलेला असतो, साधारण दोन मीटरवरून. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. दोन मीटरवर ११२ असलेला हॉर्न ३२ मीटरवर ८८ राहतो. त्यापुढं टँकरची बंद काच, इंजिनची घरघर आणि ट्रॅक्टरवाल्याचा डेक. ताशी ८० ने तू ३२ मीटर दीड सेकंदात कापतोस. म्हणून हॉर्न कितीही मोठा असला तरी तो ब्रेकच्या आधीचा आहे, ब्रेकच्या ऐवजी नाही. ट्रॉलीच्या शेजारी रेंगाळायचंच नाही. मागं राहायचं, पासिंगचा लाइट द्यायचा, हॉर्न द्यायचा, त्यानं आरशात बघितलं की निघून जायचं. आरसा नसलाच, तर रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत मागंच राहायचं.

आता हॉर्नचं. एकसारखे दोन लावले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला दहा लागतात. म्हणून नुसता जोर वाढवण्यात अर्थ नाही, सूर बदलावा लागतो. दुचाकीचा एकटा हॉर्न वरच्या सुरात असतो, काचेपलीकडं त्याचा दम निघतो. कारला दोन असतात, एक खालचा साधारण ४०० हर्ट्झ, एक वरचा ५०० च्या आसपास. खालचा सूर काचेतून, पत्र्यातून जास्त आत जातो. दोन्ही मिळून जो भरदार आवाज होतो, तो ऐकून ड्रायव्हरला मागं चारचाकी आहे असं वाटतं आणि तो बघतो. म्हणून कंपनीचा हॉर्न राहू दे, त्याच्या जोडीला लो-टोनचा, म्हणजे खालच्या सुराचा, एक चपटा डिस्क हॉर्न घे, चांगल्या कंपनीचा, आयएस १८८४ ह्या हॉर्नच्या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला. शंखाच्या आकाराचा विंडटोन आवाजाला चांगला, पण तुझ्या फेअरिंगमध्ये, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या कवचात, तो मावायचा नाही.

सी-२०१ सर: काका, म्हणजे लावायला तुमची हरकत नाही?

सी-००३ काका: हायवेसाठी नाही. गल्लीसाठी आहे, म्हणून पुढचं सांगतो.

थेट वायर जोडू नको. कंपनीच्या हॉर्नला दोन-तीन अँपिअर लागतात, बटण आणि वायर तेवढ्याच हिशोबाची. नवा हॉर्न आणखी चार-पाच खातो. ते सगळं बटणातून गेलं की आतले कॉन्टॅक्ट जळतात, आणि नेमका गरजेच्या वेळी हॉर्न मुका. मधे चार पिनचा रिले टाकायचा, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पिनांवर नंबर असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून नव्या हॉर्नला. ८५ आणि ८६ म्हणजे रिलेची कॉइल, तिथं जुन्या हॉर्नच्या दोन वायरींचा फाटा. कॉइल ०.२ अँपिअरच्या आसपास घेते, बटणाला कळतही नाही. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) नसला तर ८५-८६ उलटसुलट झालं तरी चालतं. फ्यूज १५ अँपिअरचा आणि बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. हॉर्नजवळ फ्यूज बसवणारे पाहिलेत मी. मधे वायर घासली तर तो फ्यूज काय वाचवणार? बॅटरीपासूनची सगळी वायर पेटते.

आणि काकूंसाठी: ८५ च्या वायरीत एक छोटा वॉटरप्रूफ स्विच टाकू. बंद असला की फक्त कंपनीचा हॉर्न वाजेल. चालू केला की दोन्ही एकत्र. हायवेला लागलास की चालू, परत येताना बाळे आलं की बंद.

ए-१०१ काकू: असं होतं होय! मग माझी हरकत नाही. पण परत येताना आठवणीनं बंद करायचास बरं का.

बी-३०२ बंटी: नक्की काकू. काका, वॉरंटी अजून चालू आहे. वायर कापली तर सर्व्हिस सेंटरवाले कुरकुर करतील ना?

सी-००३ काका: करतील, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीचं वायरिंग, कापायचंच नाही. जुन्या हॉर्नचे लग (वायरीच्या टोकाच्या क्लिपा) काढायचे, मधे दोन तोंडांचे लग बसवायचे, बस. उद्या काढून टाकलं तर गाडी होती तशी. वायरी नुसत्या पिळून टेप मारू नको, क्रिंप करायच्या, म्हणजे लगमध्ये पकडीनं दाबून बसवायच्या, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. हॉर्नचा निगेटिव्ह पेंट मारलेल्या फ्रेमला न देता सरळ बॅटरीला ने. रिले सीटखाली, इंजिनच्या उष्णतेपासून लांब, सॉकेटचं तोंड खाली.

जागा शोधणं हेच खरं काम. तुझ्या गाडीला पुढं रेडिएटर आहे, त्याच्यासमोर हॉर्न आडवा लावला तर हवा अडते आणि मे महिन्यात सोलापुरात पंखा थांबायचा नाही. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं, पुढचं सस्पेन्शन दाबून बघायचं, चाक किंवा मडगार्ड कुठं टेकतं का. हॉर्नचं तोंड थोडं खाली, म्हणजे पाणी साचत नाही. त्याच्याबरोबर येते ती पत्र्याची पट्टी वापरायची. जाड अँगलला आवळला की आवाज गुदमरतो. हॉर्न थरथरला पाहिजे आणि फेअरिंगला कुठं चिकटता कामा नये.

बी-४०४: काका, हे कुठला वायरमन एवढं करणार? तो दहा मिनिटांत जोडून मोकळा होतो.

सी-००३ काका: म्हणूनच वायरमन नको. बंटी, रविवारी सकाळी गाडी माझ्याकडं आण. मल्टीमीटर माझा.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये काम करायला हरकत नाही. पण वाजवून बघायचं ते होटगी रोडच्या पुढं मोकळ्यावर जाऊन, हॉस्पिटल, शाळा जवळ नसेल तिथं. इथं एकदाही नको.

बी-३०२ बंटी: मान्य. काका, काय काय आणू?

सी-००३ काका: लो-टोन डिस्क हॉर्न एक, १२ व्होल्टचा. चार पिनचा रिले सॉकेटसकट. १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट, एक फ्यूज जादा. अडीच चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड वायर, लाल आणि काळी, प्रत्येकी दोन-अडीच मीटर. कॉइलला बारीक वायर चालेल. लग, हीटश्रिंक, केबल टाय. स्विच हँडलला बसणारा घे, हातमोज्यातून दाबता आला पाहिजे. बिल जपून ठेव.

ए-३०३ ताई: आणि काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा.

सी-००३ काका: ताईंनी बरोबर सांगितलं. लावताना तो शेवटी.

बी-४०४: काका, मीपण येऊ का? शिकायचंय.

सी-००३ काका: ये की. आठला ये. फेअरिंगचं प्लॅस्टिक धरायला एक माणूस लागतोच, आणि स्क्रू ठेवायला घरून एक वाटी आण.