जुन्या पद्मिनीचे वायरिंग घरी बदलावे का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
नमस्कार. वडिलांनी 1991 मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. हेडलाइट मंद झाले आहेत, उजवा इंडिकेटर लावला की मागचा दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो, आणि डॅशबोर्डखालची वायर जरा वाकवली तरी तिचे आवरण पापडासारखे तडकते. सोल्डरिंग मला येते आणि गणपतीपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, त्यामुळे संपूर्ण वायरिंग इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलावे असा विचार आहे. घरकामातून उरलेली वायर चालेल का?

उत्तर (कोपरखैरणे)
आधी ‘अर्थ’ (earth), म्हणजे दिव्यापासून गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी, तपासावी. इंडिकेटरबरोबर मागचा दिवा मिणमिणतो, यावरून बहुधा असे दिसते की त्या दिव्याच्या करंटला बॉडीतून परतीचा रस्ता मिळत नसल्याने तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावावी. आकडा शून्याच्या जवळपास हवा. माझ्या गाडीत तो 1.1 व्होल्ट आला होता आणि कारण निघाले एकच गंजलेला स्क्रू. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे नेहमीचेच. स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा आणि जोड घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी.

उत्तर (कळवा)
वरील सल्ला योग्य असला तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण आवरण तडकलेली वायर पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला तर आग लागू शकते. घरातील वायर मात्र वापरू नये. इंजिनाजवळची उष्णता आणि तेल सोसणारी, बारीक तारांची ऑटो केबलच घ्यावी. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, म्हणजे हाय बीमला दोन्ही मिळून 10 अँपिअर झाले. हा सगळा भार जुन्या स्विचमधून नेण्यापेक्षा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवावा, त्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज घालावा.

आपल्याला सोल्डरिंग येते हे चांगलेच, पण गाडीत त्याचा मोह आवरावा: सोल्डर तारांमध्ये शिरून वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. चांगल्या पक्कडीने क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून बसवलेले, थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) अधिक टिकते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायरींचा जुना जुडगा एकदम उपटू नये. एक सर्किट बदलावे, तपासावे, चिठ्ठी लावावी आणि मगच पुढचे धरावे. मी एकदा सगळे एकदम काढले आणि हॉर्नचे बटण दाबल्यावर वायपर फिरू लागले. प्रत्येक वेळी हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह सोडावी, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रश्नकर्ता (नौपाडा)
दोघांचेही आभार. मागच्या दिव्याचा अर्थ साफ करताच मिणमिणणे थांबले. बॅटरीवर 12.2 व्होल्ट असताना हेडलाइटच्या बल्बपाशी मात्र 10.8 च मिळत आहेत, म्हणून येत्या रविवारी रिलेपासून सुरुवात करतो. घरची वायर माळ्यावर परत ठेवली आहे.