वादळात पडलेला कडुलिंब

वादळानंतर अंगणात पडलेल्या फांद्या सरळ जाळून टाका, असं इथे एका ताईंनी लिहिलंय. ताई, कडुलिंब असेल तर थांबा. इथे नागपुरात मे महिन्यातल्या वादळात आमच्या अंगणातला कडुलिंब आडवा झाला, तेव्हा बाबांनी जाड फांद्यांची साल काढून त्या सावलीत विटांवर रचल्या. भर उन्हात ठेवलं की लाकूड तडकतं. या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. त्याची बाज केली, ती अजून वापरात आहे. पाला वाळवून गव्हाच्या कोठीत. वादळात पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी चिरा, मार लागलेली कैरी टिकत नाही. छपरावरून उडालेली टिनं (पत्रे) मात्र विजेच्या तारेजवळ असतील तर हातही लावू नका. परत बसवताना खिळा पन्हळीच्या उंचवट्यावर ठोका, खोलगट भागात ठोकला की पावसाळाभर गळतं.