शब्दचर्चा : बाहुलीला पोशाख घालायचा की नेसवायचा?

अडलेली अनुवादक : ओसाकाच्या बुनराकु बाहुलीनाट्यावरील लेखाचा अनुवाद करताना ‘कोशिराए’ या शब्दापाशी अडले आहे. खांद्यांची फळी आणि कमरेची बांबूची कडी एवढ्याच सांगाड्यावर मुख्य बाहुलीकार स्वतः सुईदोऱ्याने एकेक वस्त्र टाचत जातो, डावा हात आत घालण्यासाठी पाठीशी फट ठेवतो आणि प्रयोग संपले की सारे उसवून वस्त्रे परत करतो. मी ‘पोशाख घालणे’ लिहिले होते, संपादकांनी ‘नेसवणे’ केले.

जुना पेटारा : संपादकांचे चुकले. नेसतात ती साडी किंवा धोतर. शिवलेले वस्त्र घालतात, आणि किमोनो शिवलेला असतो.

चंद्रभागा : पंढरपुरात विठ्ठलाला रोज ‘पोशाख’ होतो, तिथे घालणेही नाही आणि नेसवणेही नाही. ‘बाहुलीचा पोशाख करणे’ म्हणा.

शुद्धमती : ‘पोशाख’ फारसी आहे, ‘वेष’ असताना उसनवारी कशाला? शिवाय या बाहुल्यांना ‘कळसूत्री’ म्हणू नका, कारण त्या सूत्रांवर नाचत नाहीत; 1734 पासून एकेक बाहुली तिघे जण हातांनी चालवतात. कळसूत्री बाहुल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या.

अडलेली अनुवादक : ‘कळसूत्री’ मी लिहिलेलेच नाही. विठ्ठलाला पोशाखाआधी मूर्ती असते, इथे स्त्रीपात्रांना बहुधा पायही नसतात. पायांचा बाहुलीकार किमोन्याची कापूस भरलेली कड हलवतो आणि आपल्याला ती चालताना दिसते. कापडच देह असेल तर ते ‘घालायचे’ कोणाला? ‘कोशिराए’मागच्या ‘कोशिराएरु’ या क्रियापदाचा अर्थही ‘घडवणे, तयार करणे’ असाच आहे.

जुना पेटारा : मग ‘बाहुली घडवणे’ लिहा, मात्र वाचक त्यावरून सुतारकाम समजेल, हे ध्यानात असू द्या. त्याच लेखात ‘मुशिबोशी’ही येईल, म्हणजे कीड आणि बुरशी लागू नये म्हणून रेशमी वस्त्रे वाऱ्यावर पसरणे. त्याला ‘ऊन दाखवणे’ म्हणू नये, रंग उडतात. माझी आजी पैठणी सावलीत पसरून घडी बदलून ठेवत असे, नाहीतर जुन्या घडीवर रेशीम चिरते आणि आत कसर लागते.

चंद्रभागा : ही ‘कसर’ आणि ‘कसर भरून काढणे’ यांतली कसर एकच असावी, कारण कीड कापड खाऊन उणे करते.

शुद्धमती : ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. उणिवेची कसर अरबीतून आली. किडीची कसर देशी असेल.

जुना पेटारा : ‘असेल’ म्हणजे आधार नाही. आमच्या घरी दोन्ही कसरी एकाच पेटाऱ्यात सापडत.