पगारवाढ कशी मागू? मदत हवी आहे

व्हीएमसी_चाकण:
चाकणला कारखान्यात व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, पाच वर्षं होत आली. विषय काढला की शेठ म्हणतात, "तू घरचाच आहेस, दिवाळीनंतर बघू." अशा दोन दिवाळ्या गेल्या. सोमवारी परत केबिनमध्ये जाणार आहे. काय बोलू? लवकर सांगा.

रानवारा:
पगार किती? हातात किती, स्लिपवर किती? नुसता ऑपरेटर की मशीनचं सेटिंगही करतोस?

व्हीएमसी_चाकण:
स्लिपवर २०,२००. सेटिंग, प्रोग्राममधली दुरुस्ती सगळं मीच बघतो. २३ हजार मागणार आहे.

पक्या_भोसरी:
मागत बसू नको. दुसरीकडचं ऑफर लेटर आण, टेबलावर ठेव. माझे त्याच दिवशी वाढले.

मीनलताई:
आणि शेठ "जा मग" म्हणाले तर? आमच्या ह्यांचं तेच झालं, तीन महिने घरी होते. पाच वर्षं कधी पूर्ण होतात? आधी सोडलंस तर ग्रॅच्युइटीवर (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांवर) पाणी.

जमाखर्च:
ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात ना? २१,०००च्या वर गेलास की चालू सहामाही संपल्यावर कपात बंद आणि पुढे उपचारही. घरात कुणाचे उपचार चालू आहेत का?

व्हीएमसी_चाकण:
हो, आईचं डायलिसिस ईएसआयमधूनच होतं. आठवड्यातून दोनदा.

मीनलताई:
अरे, हे आधी सांगायचं ना!

पक्या_भोसरी:
ओटी (ओव्हरटाइम) धरला तर आत्ताच २१ हजारांच्या वर असेल.

जमाखर्च:
मर्यादेसाठी ओटी धरत नाहीत. तुला ओटी कसा मिळतो?

व्हीएमसी_चाकण:
रोज बारा तास. वरच्या तासांचे सिंगल रेटने, नेहमीच्याच दराने.

जमाखर्च:
कायद्याने दुप्पट मिळायला हवेत. मग २३ मागूच नकोस. पगार २१,०००च्या आत ठेव, ओटी डबल माग आणि सेटिंगचा इन्सेंटिव्ह दर तीन महिन्यांनी घे. असा इन्सेंटिव्ह मर्यादेत धरतात का, ते आधी ईएसआय ऑफिसात विचारून घे. धरत नसतील तर आईचे उपचार चालू राहतील.

उद्योगी_माणूस:
नोकरीत काही नाही. मुद्रा कर्ज काढ, स्वतःचं मशीन टाक.

मीनलताई:
आई डायलिसिसवर असताना कर्ज काढायला सांगता?

रानवारा:
शेठला आकड्यात सांग. सेटर वेगळा ठेवला असता तर महिन्याला किती गेले असते, तेवढंच बोल. घरखर्च काढू नको.

व्हीएमसी_चाकण:
डबल ओटी आणि इन्सेंटिव्ह, दोन्ही मागतो. लेखी देऊ की तोंडी?

रानवारा:
तोंडी बोल. संध्याकाळी तेच दोन ओळीत व्हॉट्सॲपवर पाठव.

मीनलताई:
पाच वर्षांची तारीख अजून सांगितली नाहीस.

व्हीएमसी_चाकण:
१२ ऑगस्ट, ताई. तोवर कुठं जात नाही.